नायसियात बायबल ठरलंच नव्हतं

‘इ.स. ३२५मध्ये सम्राट कॉन्स्टंटाईनने नायसियाला बिशप जमवले, ढीगभर शुभवर्तमानांतून (येशूच्या चरित्रग्रंथांतून) सोयीची चार ठेवली, बाकीची जाळली आणि मतदान घेऊन येशूला देव केलं.’ नाताळ आला की हा मजकूर फिरू लागतो. त्यातलं साल, सम्राट आणि गाव बरोबर आहे.

आधी पुस्तकं. परिषदेचे २० नियम आजही वाचायला मिळतात. स्वतःला खच्ची करून घेतलेल्याला पाद्री ठेवावं का, बिशपाच्या अभिषेकाला किमान तीन बिशप हवेत, पाद्र्यांनी व्याजबट्टा करू नये, रविवारी प्रार्थनेला गुडघे टेकू नयेत... इतकं बारीकसारीक त्यात आहे. पवित्र पुस्तकांची यादी मात्र नाही. वेदीपाशी ठेवलेल्या ढिगातून खरी पुस्तकं आपोआप वर आली, ही कथा साडेपाचशे वर्षांनंतरच्या एका ग्रीक ग्रंथातली.

चार शुभवर्तमानं तोवर रुळलेली होती. इ.स. १८०च्या सुमारास लियाँचा बिशप इरेनियस चारच का, याची कारणं देत बसलाय. उलट याकोबाचं पत्र, पेत्राचं दुसरं पत्र यांवरचे वाद चालूच होते. आजची नेमकी २७ पुस्तकं एका यादीत प्रथम दिसतात ती अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस याच्या ३६७च्या ईस्टर-पत्रात.

जाळपोळ झाली, पण ख्रिस्ती ग्रंथांची, आणि ती रोमन सम्राट डायोक्लेशियनच्या ३०३च्या हुकुमाने. उत्तर आफ्रिकेतल्या सिर्ता गावच्या झडतीचा पंचनामाच शिल्लक आहे: सोन्याचे २ प्याले, चांदीचे ६, बायकांचे ८२ अंगरखे, ४७ जोड चपला. ग्रंथालयाची कपाटं रिकामी निघाली, म्हणून अधिकारी प्रार्थनेत ग्रंथ वाचून दाखवणाऱ्या वाचकांच्या घरोघर फिरले आणि पोथ्या घेऊन गेले. कॉन्स्टंटाईननेही जाळायला लावलं, पण नायसियात पाखंडी ठरलेल्या आरियस या पाद्र्याचं लेखन, शुभवर्तमानं नव्हेत.

आता ‘देव केलं’. इ.स. ११२च्या सुमारास रोमन सुभेदार प्लिनी सम्राट ट्राजनला कळवतो, की हे ख्रिस्ती लोक पहाटे जमून ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र म्हणतात. म्हणजे नायसियाच्या दोनशे वर्षं आधी. तिथला वाद वेगळाच होता: पुत्र (येशू) पित्याइतकाच (देवाइतकाच) अनादी, की आरियस म्हणतो तसा पित्याने निर्माण केलेला? शेवटपर्यंत आरियससोबत राहिलेले बिशप दोनच. सम्राटाचा दबाव होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. न ऐकणाऱ्यांना त्याने हद्दपार केलं.

संशय घ्यायचाच तर इ.स. ६० ते ११०च्या पट्ट्यावर घ्या. ख्रिस्ती मंडळीबद्दलचा पुरावा खरोखर तिथे विरळ आहे. उदाहरणार्थ, ग्रीसमधल्या करिंथच्या मंडळीने आपल्या वडीलधाऱ्या पुढाऱ्यांना पदावरून काढलं म्हणून रोमहून गेलेलं लांबलचक पत्र त्याच काळातलं मानतात. परंपरेने ते रोमचा बिशप क्लेमेंट याच्या नावावर आहे, पण पत्रात लिहिणाऱ्याचं नावच नाही.