दमेकरी मुलांचा रोजचा पंप शाळेतच का द्यावा

पालिकेच्या शाळेत आरोग्य तपासणीच्या दिवशी वजन-उंची घेतली जाते, डोळे आणि दात पाहिले जातात, छाती तपासली जाते आणि शंका आल्यास मुलाच्या हाती रुग्णालयाची चिठ्ठी दिली जाते. बालदम्याच्या बाबतीत खरी अडचण त्या चिठ्ठीनंतर सुरू होते, आणि ती दूर करायची तर औषध देण्याची जागा शाळाच असली पाहिजे, असे माझे मत आहे. पूर्व उपनगरात शिक्षिका म्हणून जे पाहिले आणि डॉक्टरांकडून जे समजून घेतले, त्यावरून हे लिहिते आहे.

गोवंडी, शिवाजीनगर, बैंगनवाडी, मानखुर्द या पट्ट्यातली हवा कशी आहे हे मुंबईकरांना सांगायला नको. देवनारच्या डम्पिंग ग्राउंडवर 1927 पासून कचरा पडतो आहे, आणि जानेवारी 2016 मधल्या आगीचा धूर इतका पसरला होता की परिसरातल्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. आग नसली तरी एका खोलीच्या घरात पावसाळाभर ओल्या राहणाऱ्या भिंती, रात्रभर जळणारी डासांची कॉइल, झुरळे आणि शेजारच्या कारखान्याचा धूर आहेच. लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांनी सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळावे, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये दिला, त्याचे स्वागतच आहे. परंतु हवा सुधारेपर्यंत आज पाचवीत असलेली मुले शाळा सोडून गेलेली असतील, आणि ‘धुळीधुरापासून जपा’ हा सल्ला अशा घरातल्या आईला देण्यात काही अर्थ नाही.

दम्यात श्वासनलिकांच्या आतल्या अस्तराला सतत सूज असते. साल्ब्युटामोलच्या पंपाने आकसलेली नलिका तेवढ्यापुरती मोकळी होते, सूज मात्र तशीच राहते. ती कमी ठेवण्यासाठी ब्युडेसोनाइडसारखे श्वासावाटे घ्यायचे स्टेरॉइड अल्प प्रमाणात, पण नियमित घ्यावे लागते. नेमके हेच औषध घरी बंद पडते, कारण मूल बरे दिसू लागले की ते चालू ठेवण्याचे कारण कुणालाच दिसत नाही. ‘बाई, एवढ्या लहान वयात पंप लावला तर तो जन्मभर सुटायचा नाही,’ असे एका आईने मला सांगितले होते. ही भीती घरोघर आहे, आणि तोंडाने घ्यायचे सिरप व धाप वाढली की दवाखान्यात मशीन लावून घेणे हाच उपचार समजला जातो. जगातल्या दम्याच्या रुग्णांपैकी सुमारे 13 टक्के भारतात आहेत, तर दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी 40 टक्क्यांहून अधिक. या तफावतीला इतरही कारणे असतील, पण नियमित औषधाचा अभाव हे त्यांतले मोठे कारण आहे.

धोरणाच्या कागदावर हा आजार नाही, असे म्हणता येणार नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला आणि त्याच्या 30 आजारांच्या यादीत श्वासनलिका आकसण्याचा विकार आहे; साल्ब्युटामोल आणि ब्युडेसोनाइड राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीतही आहेत. मात्र चिठ्ठी घेऊन रुग्णालयात जायचे म्हणजे नाक्यावर काम शोधणाऱ्या बापाची दिवसाची मजुरी किंवा धुणीभांडी करणाऱ्या आईचा खाडा. एकदा तो सोसला जातो, पण दम्याला दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा दाखवावे लागते.

अमेरिकेतल्या रोचेस्टर शहरात यावर सरळ मार्ग काढला गेला. शाळेच्या दिवशी सूज रोखणारे औषध परिचारिकेने शाळेतच द्यायचे आणि सुटीच्या दिवशी पालकांनी घरी. अभ्यासांत या मुलांचे त्रासाविना जाणारे दिवस वाढल्याचे दिसले. आपल्याकडे शाळेत औषध देणे नवीन नाही, कारण लोहाच्या गुलाबी-निळ्या गोळ्या आणि जंतनाशक गोळी आपण वर्गातच देतो. सौम्य दमा असलेल्या अनेक मुलांना दिवसातून एकदाच औषध पुरते की नाही, हे डॉक्टर ठरवू शकतात. ज्यांना पुरते त्यांचा पंप खिचडीच्या सुटीआधी द्यावा, म्हणजे औषधानंतर चूळ भरण्याचा आवश्यक नियम नळावर हात धुताना आपोआप पाळला जाईल.

पंपाला स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये धरायची पोकळ नळी, हवाच. त्याशिवाय लहान मुलांचे बरेच औषध घशातच अडकते. विकतचा स्पेसर परवडत नसेल तर दक्षिण आफ्रिकेतल्या डॉक्टरांनी 1999 मध्येच दाखवून दिले आहे की शीतपेयाच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीच्या तळाला पंपाच्या मापाचे भोक पाडून नीट बसवले, तर तीही तेवढेच काम देते. शाळेच्या प्रथमोपचार पेटीत आयोडीन आणि कापूस असतो, पण अचानक धाप लागलेल्या मुलासाठी साल्ब्युटामोलचा पंप मी अजून कोणत्याही पेटीत पाहिलेला नाही. ब्रिटनमध्ये शाळांना असा राखीव पंप ठेवण्याची परवानगी ऑक्टोबर 2014 पासून आहे. आपल्याकडे तसा स्पष्ट आदेश निघाला, तर ‘काही झाले तर जबाबदार कोण’ या एका प्रश्नावर अडलेले मुख्याध्यापक पुढचे पाऊल टाकतील.

‘हेही शिक्षकांच्याच गळ्यात?’ असे माझे सहकारी विचारतील, आणि त्यांची तक्रार रास्त आहे. मतदार याद्या, सर्वेक्षणे आणि पोषण आहाराच्या नोंदी सांभाळणाऱ्या माणसाकडे स्टेरॉइडचा हिशेब देऊ नये. एकाच आवारात भरणाऱ्या शाळांसाठी मिळून एक परिचारिका नेमावी. तिनेच दमेकरी मुलांची यादी, डोस आणि गैरहजेरी यांची वही ठेवावी, आणि कोणते मूल रात्री खोकल्यामुळे जागे राहून वर्गात पेंगते हे शिक्षकांनी तिला सांगावे. पी.टी.च्या तासाला अशा मुलाला कट्ट्यावर बसवून ठेवण्याची आपली सवयही तिच्या सल्ल्याने सुटेल, कारण दमा आटोक्यात असेल तर ते इतरांसारखेच धावू शकते.

राहतो प्रश्न सुट्यांचा. शिक्षण हक्क कायद्यानुसार पाचवीपर्यंत वर्षाला किमान 200 दिवस शाळा भरते, म्हणजे उरलेल्या दिवसांचे औषध घरच्यांवरच सोपवावे लागेल. दिवाळीत फटाक्यांचा धूर असतो, आणि मे महिन्यात गावी गेलेली मुले परततात ती जूनच्या पहिल्या पावसात. म्हणून सुटी लागण्यापूर्वीच्या पालकसभेत परिचारिकेने प्रत्येक आईकडून पंप प्रत्यक्ष वापरून घ्यावा, सुटीपुरते औषध तिच्या हाती द्यावे, आणि जे पालक सभेला येऊ शकत नाहीत त्यांच्या घरी वस्तीतल्या आरोग्यसेविकेने संध्याकाळी सातनंतर जावे, कारण त्याआधी तिथे कुणी भेटत नाही.