आंबे दोनशे, पण कलम एकच

काका, नमस्कार. ‘एकेका कलमावरचा प्रयोग म्हणजे अपुरा नमुना’ असं म्हणणाऱ्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया झोंबली आणि अर्धी पटलीही. तुम्ही एका हापूस कलमाखाली वाळल्या गवताचं आच्छादन घातलंत, शेजारचं तसंच ठेवलंत, दोन्हींचे दोनशे-दोनशे आंबे कापलेत. साका (आतून गर बिघडणं) उघड्या कलमाच्या 30 टक्के आंब्यांत, आच्छादनवाल्याच्या 18 टक्क्यांत. वर तुमचा सवाल: ‘चारशे आंबे कापूनही नमुना अपुरा म्हणणाऱ्याने कधी बाग राखलीय का?’

राखलीय, देवगडच्या कातळावर. साका बाहेरून कळत नाही, सुरी लावल्यावरच पांढरट, आंबूस गर दिसतो. त्यामुळे चारशे आंबे कापताना जीव किती तुटला असेल, ते ठाऊक आहे. (आमच्याकडे कापलेल्यांची साठं, म्हणजे आंबापोळ्या, घातली; शेवटी त्यांच्याकडे कुणी बघेना.)

पण आच्छादन तुम्ही आंब्यांना नाही, कलमाला घातलंत. मोजायची ती कलमं, आणि ती दोन्हीकडे एकेकच. माझ्याकडे दहा पावलांवर दोन कलमं आहेत: एक सुरुंगाच्या खड्ड्यात मातीभराव करून लावलेलं, दुसऱ्याची मुळं कातळाच्या भेगेत शिरलेली. काहीही न करता दोघांचा साका वेगळा येतो. तुमचं आच्छादनवालं कलम मुळातच कमी साक्याचं असेल तर? दोन हजार आंबे कापलेत तरी ही शंका फिटत नाही.

मग कलमं किती? इथे चूक माझी. लेखात मी ‘किमान 30’ असं ठोकून दिलं, ते मागे घेतो. आकडा ठरतो तो कलमागणिक होणाऱ्या चढउतारावर आणि किती फरक पकडायचाय त्यावर. पहिल्याला दुसऱ्याने भागा, वर्ग करा, 16 ने गुणा. समजा, प्रत्येक कलमाचा डझनभर आंबा कापला आणि त्या टक्केवारीचं प्रमाण विचलन, म्हणजे कलमागणिक चढउताराचं माप, 15 आलं. तुमचा 12 चा फरक पकडायला एका बाजूला 25 कलमं लागतात. 6 चा पकडायचा तर थेट 100. तरीही पाचांतला एखादा प्रयोग खरा फरक हुकवतोच.

म्हणजे 50 कलमं, 600 आंबे. तुम्ही 400 कापलेच होते! बाग लहान असेल तर शेजाऱ्यांनाही घ्या, पण प्रत्येक बागेत दोन्ही प्रकार हवेत. सारख्या वयाच्या, सारख्या जमिनीतल्या जोड्या लावल्यात तर कमी कलमांतही भागेल. जोडीतल्या कुठल्या कलमाला गवत, ते नाणं उडवून ठरवा. नाहीतर बरं कलम आपसूक गवताकडे जातं, माझ्याही हातून गेलंय. आणि सगळे आंबे चौदा आण्यांचेच (सोळा आणे म्हणजे पूर्ण तयार) काढा, जास्त जून फळात साका वाढतो.