‘आय-सेव्हन’चं स्टिकर आणि अठरा हजारांचा डबा

रविवारी सकाळी समोर पोहे-जलेबीची बशी होती आणि धाकट्या बहिणीने घरच्या ग्रुपवर एक मेसेज ढकलला. खाली लिहिलं होतं, "दादा, अठरा हजारात होतंय म्हणे. तू पंचेचाळीस सांगितले होतेस." भाच्याने यंदा इंजिनिअरिंगला ॲडमिशन घेतली आहे. कोडिंग, गेरच्या (इंदूरची रंगपंचमीची मिरवणूक) व्हिडिओंचं थोडं एडिटिंग आणि रात्री मित्रांबरोबर व्हॅलोरंट हा ऑनलाइन गेम, एवढ्यासाठी त्याला कॉम्प्युटर हवा आहे. मी आठवडाभर खपून यादी केली होती. त्या एका मेसेजने तिचा कचरा केला.

मेसेज कोणी लिहिला देव जाणे, पण तीन दिवसांत तो मला चार ठिकाणांहून आला, लोकमान्यनगरच्या भिशीच्या ग्रुपवरूनसुद्धा. मजकूर थोडक्यात असा: कॉम्प्युटर घेताना फसू नका. नेहमी आय-सेव्हनच (इंटेल कंपनीचा प्रोसेसर, म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू) घ्या. आय-थ्री, आय-फाइव्ह नुसत्या टायपिंगसाठी असतात. कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग) आणि गिगाहर्ट्झ (त्यांच्या ठोक्यांचा वेग) जितके जास्त तितका गेम पळतो. एएमडी, म्हणजे इंटेलच्या प्रतिस्पर्ध्याचा प्रोसेसर, घेऊ नका, तो तापतो आणि दोन वर्षांत जळतो. ग्राफिक कार्ड (स्क्रीनवरचं चित्र काढणारं वेगळं कार्ड) ही दुकानदारांची लूट आहे, आय-सेव्हनमध्ये ते आतच असतं. आणि सगळ्यात शेवटी खरा माल: आय-सेव्हन, १६ जीबी रॅम, मॉनिटरसकट ‘गेमिंग सेट’ अठरा हजारात, एक वर्षाच्या वॉरंटीसह.

पहिलंच वाक्य आधी घेतो. खरा घोटाळा तिथे आहे, बाकीचे मुद्दे त्याच्या आडोशाला बसलेत.

आय-सेव्हन हे आडनाव झालं. नुसतं ‘कुलकर्णी’ म्हटल्यावर आजोबा आलेत की नातू, कसं कळणार? खरी ओळख पुढच्या आकड्यात असते. ‘आय-७ २६००’ मधला पहिला २ म्हणजे दुसरं जनरेशन. ‘आय-३ १२१००’ मधले पहिले दोन आकडे, १२, म्हणजे बारावं. मेसेजमध्ये हा आकडा कुठेही नाही. अठरा हजारांच्या सेटमध्ये कोणता आय-सेव्हन बसतो हे लिहिलं असतं तर मेसेज तिथेच संपला असता.

भाच्याच्या एका मित्राने हा सेट घेतलाय, म्हणून मला आतलं दर्शन झालं. परवा तो डबा स्कूटरवर पायांत ठेवून माझ्याकडे आला. बाहेरून पाहाल तर काच, तीन रंगीत पंखे आणि समोर ‘आय-सेव्हन’चं कोरं करकरीत स्टिकर, कोपराही न उचकटलेलं. दुकानदाराने त्याला सांगितलं होतं, "भिया, आय-सेवन है, मक्खन चलेगा." मी पंखा काढला. खालची थर्मल पेस्ट सुकलेल्या चुन्यासारखी खपल्या होऊन निघाली. कापसाने पुसल्यावर प्रोसेसरच्या पत्र्यावर आकडे दिसले: २६००.

बहिणीला मी भाषण दिलं नाही. इंटेलच्या स्वतःच्या साइटवर प्रत्येक प्रोसेसरचं एक पान असतं, त्यातलं २६०० चं पान तेवढं पाठवलं. बाजारात आला २०११ च्या पहिल्या तिमाहीत. चार कोअर, आठ थ्रेड (एका वेळी चालणारी कामं), ९५ वॉट, रॅम जुन्या पिढीची, डीडीआर-३. २०११ मध्ये भाचा बालवाडीतही जात नव्हता. मग त्याच साइटवरचं आय-३ १२१०० चं पान पाठवलं: २०२२, चार कोअर, आठ थ्रेड, ६० वॉट. कोअर तेवढेच, थ्रेड तेवढेच, वीज कमी. आणि एकेका कोअरच्या कामाचं माप घेतलं तर हा ‘टायपिंगवाला’ आय-थ्री त्या आय-सेव्हनच्या जवळपास दुप्पट भरतो. गेमला हेच माप लागतं. बहिणीचं उत्तर आलं, "म्हणजे थ्री सेव्हनपेक्षा मोठा?" होय बाई, अकरा वर्षांनी जन्मलेला थ्री मोठा.

वेग कमी असता तरी एकवेळ चाललं असतं. पण विंडोज ११ साठी चालणाऱ्या इंटेल प्रोसेसरची मायक्रोसॉफ्टची यादी आठव्या जनरेशनपासून सुरू होते. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. वाढीव सुरक्षा अपडेट घरच्या ग्राहकांना ऑक्टोबर २०२६ पर्यंत, तीही वेगळी नोंदणी करून. मित्राच्या डब्यात दुकानदाराने जुगाड करून विंडोज ११ चढवलं होतं. चढतं, नाकारत नाही. मात्र मायक्रोसॉफ्ट अशा मशीनला अपडेटची हमी देत नाही. शिवाय विंडोज ११ वर व्हॅलोरंटला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या मशीनमधल्या सुरक्षेच्या सोयी दोन्ही लागतात, आणि २०११ च्या चिपसेटच्या मदरबोर्डावर टीपीएम २.० येणार कुठून? ज्या गेमसाठी पोराने पैसे साठवले, तोच उघडेना. एडिटिंगचं म्हणाल तर प्रीमियर प्रो इंटेलमध्ये किमान सहावं जनरेशन मागतं.

आता ती वॉरंटी. असल्या सेटमध्ये बोर्ड खरोखर नवा असतो. दुसऱ्या-तिसऱ्या जनरेशनसाठीचे एच-६१ चे बोर्ड अजून नवे बनून येतात, आणि त्यावर बसतो कुठल्यातरी ऑफिसच्या भंगारातून निघालेला प्रोसेसर. खोका नवा, बिल नवं, वर वॉरंटी, म्हणून माणसाला मशीन नवं वाटतं. पुढची वाटही बंद. त्या बोर्डाच्या सॉकेटमध्ये, म्हणजे प्रोसेसर बसायच्या जागेत, फार तर २०१२ चा आय-७ ३७७० बसेल, आणि १६ जीबी डीडीआर-३ रॅम उद्याच्या कोणत्याही बोर्डावर चालणार नाही. अठरा हजारांतला मॉनिटर तेवढा पुढे कामाला येईल.

गिगाहर्ट्झचं एका परिच्छेदात उरकतो. ही शर्यत इंटेल स्वतःच धावली आणि थांबली. ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम फोर यायचा होता, तो २००४ मध्ये रद्द केला, गाडी ३.८ वरच अडली. २००६ मध्ये २.४ गिगाहर्ट्झचा कोअर टू ड्युओ आला आणि या ३.८ वाल्याला मागे टाकून गेला. वेगवेगळ्या घडणीच्या प्रोसेसरचे गिगाहर्ट्झ एकमेकांशी ताडणं म्हणजे बैलगाडी आणि मोटारीच्या चाकांचे फेरे मोजणं.

कोअरचंही तसंच. एएमडीने एफएक्स मालिकेतले प्रोसेसर ‘आठ कोअर’ म्हणून विकले. त्यात दोन-दोन कोअर काही भाग वाटून घेत. अमेरिकेत ग्राहक कोर्टात गेले आणि २०१९ मध्ये १ कोटी २१ लाख डॉलरवर प्रकरण मिटलं. आजच्या स्वस्त मशीनला सहा कोअर पुष्कळ झाले. इंटेलचे जुने चौदा कोअरचे सर्व्हरवाले झिऑन प्रोसेसर गेमिंगच्या नावाने विकले जातात, त्यांच्या मोहात पडू नका. कोड कंपाइल करायला ते बरे, पण गेम सगळे कोअर वापरत नाही.

एएमडी तापतो, या बोलण्यात अर्धं सत्य आहे. नाइलाजाने मान्य करतो. एफएक्सच्या काळात ते खरंच शेगडी होते. २०१३ चा एफएक्स-९५९० तर २२० वॉटचा होता. मेसेज लिहिणाऱ्याचं घड्याळ बहुधा तिथेच बंद पडलं. २०१७ मध्ये रायझन आले आणि चित्र पालटलं. मी भाच्यासाठी लिहिलेला रायझन ५ ५६००जी ६५ वॉटचा आहे, मेसेजमधला लाडका आय-सेव्हन ९५ चा. इंदूरच्या मे महिन्यात गच्चीखालच्या खोलीत कोणता बसवाल, तुम्हीच ठरवा. आणि जळण्याचीच गोष्ट काढायची तर २०२४ मध्ये इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या जनरेशनचे बरेच डेस्कटॉप प्रोसेसर जास्त व्होल्टेजमुळे बिघडू लागले, तेव्हा कंपनीने दुरुस्तीचा मायक्रोकोड (बायोसमधून प्रोसेसरला मिळणारा अपडेट) काढला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. म्हणून इंटेल वाईट असं मी म्हणत नाही. त्यातलं काही घेतलंत तर बायोस (मदरबोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) आधी अपडेट करा, एवढंच.

ग्राफिक कार्डाच्या मुद्द्यातही चिमूटभर खरं आहे, आणि ते मेसेजवाल्याला ठाऊक नसावं. प्रोसेसरमधल्या ग्राफिकवर हलके गेम चालतात, अट एवढीच की ते ग्राफिक बऱ्यापैकी हवं. ५६००जी मध्ये एएमडीचं वेगा ग्राफिक आहे. व्हॅलोरंट त्यावर व्यवस्थित चालतो, मोठे गेम कमी सेटिंगवर. २६०० मधलं एचडी ग्राफिक्स २००० डायरेक्टएक्स (गेमचं चित्र काढणारी विंडोजची सोय) १०.१ वर थांबतं, त्यामुळे ११ किंवा १२ मागणारे गेम सुरूच होत नाहीत. ‘आत असतं’ हे दोन्हींबद्दल खरं. तशी नर्मदाही नदी आणि इंदूरची नाला झालेली खानही नदीच.

इथे दोन गोष्टी दुकानात कोणी सांगत नाही. आतल्या ग्राफिकला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधूनच घेतं. म्हणून १६ ची एक कांडी घेऊ नका, ८-८ च्या दोन घ्या; एका कांडीवर गेम चांगलाच मंदावतो. आणि इंटेलच्या नावामागे एफ असेल, जसं १२१००एफ, तर त्यात ग्राफिक अजिबात नाही. कार्ड लावल्याशिवाय स्क्रीन काळीच राहणार.

मग माझी यादी निर्दोष होती का? नव्हती. पुढेमागे कार्ड लावायचं ठरलं तर ५६००जी हा ५६०० पेक्षा मागे पडतो, कारण त्याची एल-३ कॅश (प्रोसेसरमधली जलद मेमरी) ३२ ऐवजी १६ एमबी आहे. पहिल्याच दिवशी कार्डाचे पैसे हातात असतील तर सरळ ५६०० किंवा १२१००एफ घ्या. आमच्याकडे नव्हते. एएमडीच्या नव्या एएम-५ सॉकेटचं मशीन पुढे जास्त वर्षं वाढवता येतं हेही खरं, पण त्याला डीडीआर-५ च लागते, आणि २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव असे चढलेत की सिल्व्हर मॉलमधल्या कॉम्प्युटरच्या दुकानांत मी दोनदा विचारून खात्री केली. पंचेचाळीसचा आकडा त्यामुळेच ताणला गेला, प्रोसेसरमुळे नाही. घरात जुना मॉनिटर असेल तर तोच वापरून पैसे वाचवा; एसएमपीएसमध्ये, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डबीत, मात्र कंजुषी नको. मित्राच्या डब्यातला इतका हलका होता की उचलल्यावर आत काही आहे का शंका यावी.

तो डबा अजून माझ्या टेबलावर आहे. दुकानदार म्हणे, "माल वापस नहीं होगा, एक्सचेंज कर लो," आणि एक्सचेंजमध्ये देऊ केला तिसऱ्या जनरेशनचा आय-सेव्हन. पोराचा चेहरा बघवेना. मी माझ्याकडची २५६ जीबीची एसएसडी टाकली, नवी थर्मल पेस्ट लावली, विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम चढवली. आता तो वीस-बावीस सेकंदांत उघडतो, ब्राउझर छान चालतो, सी आणि पायथॉनचे पहिल्या वर्षाचे प्रोग्राम मजेत होतात. पोराची आई टिफिन चालवते, तिने महिन्याचा हिशोब त्यावर ठेवायचं ठरवलंय. व्हॅलोरंट लिनक्सवर चालत नाही.