ब्रेक पॅडची लाइट मधूनच लागते? मस्त, दुर्लक्ष करा!

तर मंडळी, गाडी दहा वर्षांच्या पुढे गेलीये आणि डॅशबोर्डवरची ती पिवळी लाइट, गोल आणि दोन्ही बाजूंना तुटक कंसवाली, मधूनच लागते, मधूनच जाते? अभिनंदन! जाते ना? मग झालं की.

सगळ्यात सोपा उपाय म्हणजे चिकटपट्टी. काळी घ्या, रात्री उजेड बाहेर येत नाही.

पिवळीच्या जोडीला लाल पण फडफडत असेल तर ब्रेक ऑइल ओता. पॅड झिजले की त्यांना दाबणारा पिस्टन पुढे येतो, डबीतलं ऑइल उतरतं, मग खंबाटकीत वळणावर ते हिंदकळलं की त्यावर तरंगणारा फ्लोट खाली आणि लाइट चालू, एवढं डोकं कशाला लावायचं? मॅक्सपर्यंत भरा. नवे पॅड टाकताना पिस्टन मागे दाबला की तेच ऑइल उतू जाऊन पेंट खाईल, ते तेव्हाचं तेव्हा.

चाकाच्या फटीतून मोबाइलचा टॉर्च मारा, बाहेरचा पॅड जाड दिसला की घरी जा. आतला कोण बघतंय!

आणि हो, सर्व्हिस सेंटरला नक्की जा. तिथे टॅब घेतलेला एक मुलगा येईल, त्याला तुम्ही नीट सांगा की दादा, स्टिअरिंग डावीकडे फुल वळवून ब्रेक दाबला की लागते, सरळ रस्त्यावर नाही, आणि पावसात जास्त. तो मान डोलवेल आणि जॉबकार्डवर लिहील 'ब्रेक नॉइज'. आवाजाचं कोण बोललं होतं?? मग गाडी सरळ चाकांवर उभी करून स्कॅनर लावणार, आमच्याकडे तर लागत नाही सर म्हणणार, आणि संध्याकाळी चारही पॅडसेट, डिस्क, वर एबीएसचं काहीतरी असं एस्टिमेट पाठवणार. चाक काढलं का विचारलं तर 'सर, जुनी गाडी आहे, होतं असं'. गाडी मात्र धुऊन मिळते, आत कागदाचं मॅट टाकून. त्या मॅटने ब्रेक लागतात बहुतेक.

तेही परवडत नसेल तर नाक्यावरचा मिस्त्री पॅड झिजल्याचं सांगणाऱ्या सेन्सरच्या दोन वायरी कापून एकमेकींना पिळून देतो. लाइट कायमची बंद, पॅड लोखंडापर्यंत गेला तरी लागणार नाही.

माझ्या गाडीत मिस्त्रीने हेच करून ठेवलं, न विचारता. वर 'प्रॉब्लेम सॉल्व्ह'.

अरे काय सॉल्व्ह? ती वायर पॅडच्या आत असते, पॅड संपत आला की डिस्कला घासून तुटते म्हणून लाइट लागते, एवढंच तर काम आहे तिचं! मधूनच लागते म्हणजे एकतर ती नुकती डिस्कला टेकायला लागलीये, नाहीतर कनेक्टरमध्ये पाणी-चिखल गेलाय, नाहीतर चाक वळताना वायर ताणून सोललीये. जॅक लावा, चाक काढा, आतला पॅड बघा, ब्रेक ज्यांवर सरकतो त्या पिना जाम आहेत का बघा, कनेक्टर उघडून पुसा, वायर हलवून बघा. कितीसा वेळ लागतो? तेवढं करायला जीव जातो आणि लेबरचे पैसे मात्र पूर्ण हवेत. आणि मालक लोकांनो, तुम्ही पण! सीटकव्हर आणि स्पीकरला हजारो घालता, मग मिस्त्रीसमोर उभं राहून 'चाक काढ आणि मला दाखव' म्हणायला काय होतं? घरची चार माणसं मागे बसवून घाट उतरता ना त्याच गाडीतून?