नोकरी घालवावी नियमात

नोकरी गेल्यावर सरकार काय देतं, असं विचारणारे हल्ली बरेच भेटतात. मुळात प्रश्न उशिरा पडलेला असतो. सरकार देतं हो, पण नोकरी नियमात बसेल अशा बेताने गेलेली असावी लागते. तेव्हा मुंबईकरांनो, नोकरी शाबूत आहे तोवरच तयारीला लागा.

पहिलं म्हणजे पगारवाढ घेऊ नका. महिन्याला 21,000 रुपयांपर्यंत पगार असेल तरच तुम्ही ईएसआयसीत, म्हणजे सरकारच्या कामगार विमा योजनेत. दिवाळीला शेठ खूश होऊन 21,500 करायला निघाले, तर हात जोडून नको म्हणा. पाचशे रुपयांपायी माणूस श्रीमंतांत जमा होतो. भले तो विरारहून चर्चगेटपर्यंत एका पायावर उभा राहून येत असो.

मग राजीनामा. एचआरवाले केबिनमध्ये बोलावतील, दार लोटतील, पाण्याचा ग्लास पुढे सरकवतील आणि टाइप करून ठेवलेला कागद काढतील: 'वैयक्तिक कारणास्तव'. "सही करून टाका, रेकॉर्ड क्लीन राहील." पाणी प्या, पेनला हात लावू नका. कामगारकपात झाली तर नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे 15 दिवसांचा पगार भरपाई म्हणून द्यावा लागतो. स्वखुशीने गेलेल्याला तो नाही. आणि मुंबईत माणसं फार स्वखुशीने जातात. कधीकधी अख्खा मजला एकाच दुपारी खुशीत येतो.

एवढं जमलं तर ईएसआयसीची बेकारभत्ता देणारी अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना तुमचीच. 2018 मध्ये सुरू झाली तेव्हा सरासरी पगाराचा पाव हिस्सा मिळायचा, 2020 मध्ये करोनामुळे पावाचा अर्धा पगार झाला. साथीचे उपकार विसरू नयेत. सुरुवातीला अर्जही मालकामार्फत जायचा, म्हणजे ज्याने हाकललं त्याच्याच दारात. ती गंमत आता गेली. विमाधारक म्हणून दोन वर्षं मात्र भरलेली हवीत. कंपनी पंधराव्या महिन्यातच शटर ओढू लागली, तर मालकाला जरा दम धरायला सांगा. आधारवर सावंत आणि पासबुकात सामंत असाल, तर बेकारीतला मोकळा वेळ कसा घालवावा ही चिंताही मिटली.

रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्राने 1977 मध्येच केला, पण तो गावाकडच्यांसाठी. कुर्ल्यात रस्ते बारा महिने खणलेले असतात, तरी ते खणण्याचा हक्क तुम्हाला नाही.

आणि भत्ता आयुष्यात एकदाच, तोही जास्तीत जास्त 90 दिवस. पहिल्याच नोकरीवर उधळू नका. पंचविशीत गेली तर आईच्या हातचं जेवा आणि गप्प बसा. मुलीची बारावी, भाड्याच्या खोलीचं संपत आलेलं ॲग्रीमेंट आणि वाढलेलं डिपॉझिट असा योग जुळून आला, की मग हक्काने मागा. पैसे नोकरी जाऊन 30 दिवस झाल्याशिवाय लागू होत नाहीत, घरमालकाला तेवढं सांगून ठेवा.