गोळी मोठी म्हणून नेम लांब? वरणगावकडे फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

गेले काही दिवस भुसावळ-वरणगावकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्याचा गोषवारा असा: "स्नायपरला पॉइंट फिफ्टीच (साधारण अर्ध्या इंचाच्या मापाची) पाहिजे, गोळी जेवढी मोठी तेवढा नेम लांब. ती डोक्याजवळून नुसती गेली तरी माणूस मरतो. नाहीतर आपल्या वरणगावची ७.६२ कोणत्याही ७.६२ बंदुकीत घाला, दोन किलोमीटर मारते." आमच्या गल्लीतली भरतीची तयारी करणारी पोरं हे खरं मानून पुढे पाठवतात, म्हणून लिहायला बसलो.

शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण तो धोक्याचा आहे. ७.६२ हे नळीचं माप झालं, मिलिमीटरमध्ये. काडतूस ओळखायचं ते पुढच्या आकड्यावरून, तो केसची, म्हणजे बारूद भरतात त्या नळकांड्याची लांबी मिलिमीटरमध्ये सांगतो. एके-४७ चं ३९, नाटोचं ५१, ड्रॅगुनॉव्ह या रशियन स्नायपर रायफलचं ५४. ड्रॅगुनॉव्हच्या काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कडही असते. ते १८९१ पासूनचं रशियन काडतूस आहे. एकाचं दुसऱ्यात चालवायचं नसतं. वरणगावच्या काडतुसं बनवणाऱ्या कारखान्याचा मलाही अभिमान आहे, पण अभिमानापोटी चुकीचं काडतूस कुणी चेंबरमध्ये घालू नये.

आता "दोन किलोमीटर". गोळीचं वजन ग्रेनमध्ये मोजतात, आणि जळगावच्या सराफ बाजारातल्या जुन्या माणसाला ते माप नवं नाही: १८० ग्रेनचा एक तोळा, १५ ग्रेनचा एक मासा. नाटो ७.६२ ची स्नायपरसाठी बनवलेली १७५ ग्रेनची गोळी तोळ्याला पाच ग्रेन कमी भरते. .३३८ लापुआ मॅग्नम या स्नायपरच्या काडतुसाची (.३३८ हे इंचातलं माप) २५० ग्रेनची गोळी एक तोळा साडेचार माशांच्या जरा वर. पॉइंट फिफ्टीची ६६० ग्रेनची, म्हणजे तीन तोळे आठ मासे.

पण तराजूवर निवड होत नाही. गोळी आपला वेग किती लांबपर्यंत टिकवते, ते बघायचं. १७५ ग्रेनची गोळी सेकंदाला ७९० मीटरच्या आसपास वेगाने नळीतून सुटते आणि साधारण ९०० मीटरवर आवाजाच्या वेगापर्यंत उतरते. तिथे ती डळमळायला लागते, पुढचा भरवसा राहत नाही. .३३८ ची गोळी ९०० च्या आसपास सुटते, लांबट आणि निमुळती असते, म्हणून हाच टप्पा तिला १,३०० मीटरच्याही पुढे येतो. साधी ७.६२ दोन किलोमीटरवर पोचते हे खरंच आहे, चुकून कुणाचा जीवही घेईल. पण पोचणं वेगळं आणि ठरवलेल्या जागी लागणं वेगळं.

मेसेजवाल्याला एक मात्र देतो: २०१७ मध्ये इराकमध्ये कॅनडाच्या स्नायपरने ३,५४० मीटरवर नेम साधला, तो पॉइंट फिफ्टीनेच. पण २००९ मध्ये अफगाणिस्तानात एका ब्रिटिश स्नायपरने २,४७५ मीटरवर मारलं ते .३३८ ने, आणि त्याआधी कित्येक गोळ्या अंदाज घेण्यात गेल्या. आपल्या सैन्यानेही २०१९ मध्ये नियंत्रण रेषेसाठी दोन्ही घेतल्या, बॅरेटची पॉइंट फिफ्टी आणि बेरेटाची .३३८. गाडी, रडार, भिंतीआडचं लक्ष्य असेल तर पहिली. माणूस असेल तर बहुतेक वेळा दुसरी पुरते. शिवाय पॉइंट फिफ्टीचा एक राउंड, म्हणजे गोळीसकट अख्खं काडतूस, ११५ ग्रॅमच्या आसपास, .३३८ चा त्याच्या निम्म्याहूनही हलका. डोंगर चढणाऱ्याच्या पाठीला हा फरक कळतो.

आकारापेक्षा मोठी गोष्ट मेसेजमध्ये आलेलीच नाही: सारखेपणा. मशिनगनसाठी ढीगभर बनवलेला राउंड आणि स्नायपरचा राउंड बाहेरून जुळे भाऊ दिसतील. पण बारूद जरा कमीजास्त भरली आणि सुटण्याच्या वेगात सेकंदाला १० मीटरचा फरक पडला, तर हजार मीटरवर ७.६२ ची गोळी फूटभर वर किंवा खाली जाते. साधा राउंड घातलेली पॉइंट फिफ्टी म्हणूनच चांगला राउंड घातलेल्या .३३८ पुढे हरते.

जवळून गेलेली गोळी माणूस मारते, हे साफ खोटं. कानठळ्या बसतात, छाती धडधडते, बस.

राहिला वारा. रावेर-यावलकडे केळीच्या बागेला कडेने शेवरी का लावतात ते इथल्या पोरांना ठाऊक आहे. एका टोकाची पानं फाटून चिंध्या झालेली असतात, आणि शेवरीच्या आडची पानं हलतसुद्धा नाहीत. गोळीला हे दोन्ही वारे एकाच प्रवासात लागतात. ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा हजार यार्डांत १७५ ग्रेनच्या गोळीला दोन मीटरच्या पुढे सरकवतो, .३३८ ला दीड मीटरच्या आसपास. चांगलं काडतूस चूक थोडी कमी करतं. वारा वाचायचा असतो तो शेजारी दुर्बीण लावून पडलेल्या जोडीदाराने, गवत बघून, तापलेल्या जमिनीवरून उठणारी लहर कोणत्या बाजूला झुकते ते बघून. आणि मे महिन्यात आपल्याकडे ४५ अंशांत ती लहर जशी दिसते, तशी बर्फावर दिसत नाही. तिथे हवाही विरळ. ५,००० मीटर उंचीवर समुद्रसपाटीच्या साधारण ६० टक्के. इथे झिरो केलेली, म्हणजे दुर्बीण नेमाला जुळवून घेतलेली रायफल तिथे त्याच आकड्यांवर चालत नाही, मग काडतूस कोणतंही असो.