मौनानंतरचं गाणं
मँचेस्टरच्या बॉम्बस्फोटातल्या बळींसाठी अमेरिकन गायिका आरियाना ग्रांदेने तिथेच केलेल्या मैफलीवरचा तुमचा लेख आवडला, पण चौकातला प्रसंग राहिलाच की! २२ मे २०१७ ला तिचाच कार्यक्रम संपता संपता झालेल्या त्या स्फोटात २२ जण गेले. तीन दिवसांनी सेंट अ‍ॅन्स स्क्वेअरमध्ये फुलांच्या ढिगांजवळ लोक मिनिटभर स्तब्ध उभे राहिले. मग गर्दीतल्या एका बाईने एकटीनेच ओएसिस या रॉक बँडचं ‘डोन्ट लुक बॅक इन अँगर’ म्हणायला घेतलं. आधी दोनचार आवाज, मग अख्खा चौक. वीसेक वर्षं जुनं गाणं, स्फोटाशी काडीचा संबंध नाही. पण बँड त्यांच्याच गावचा ना!

४ जूनची मैफल झाली ओल्ड ट्रॅफर्डच्या क्रिकेट मैदानात. हो, सचिनच्या पहिल्या कसोटी शतकाचंच. गाता गाता रडवेल्या झालेल्या शाळकरी मुलीला आरियाना ग्रांदेने जवळ घेतलं, तो व्हिडिओ मी अजून कोरड्या डोळ्यांनी पाहिलेला नाही.